ही ओळही छापावी

मी पोटासाठी काय करते असं कोणी विचारलं, की मी खरं तेच सांगते. "लायसन तपासते." त्यावर अमरावतीत ठरलेला पुढचा प्रश्न येतो. "मंग आमच्या पोट्ट्याचं काढून देता का वं? त्याले गाडीची आठ जमत नाई." आमच्या गल्लीतल्या एका काकांनी तर पोराचे दोन फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स माझ्या दाराच्या फटीतून आत सरकवली होती. ती परत द्यायला गेले तेव्हा काकूंनी चहा पाजला आणि म्हणाल्या, "मंग तू नेमकं करते तरी काय?"

तेव्हा काकूंना सांगितलं तेच इथे सांगते. मोबाईलवरचं एखादं ॲप कोणीच पहिल्या अक्षरापासून स्वतः लिहीत नाही. त्यातला बराचसा भाग आधीच कोणीतरी लिहून जगासाठी मोकळा ठेवलेला असतो. त्याला ओपन सोर्स म्हणतात. मोकळा म्हणजे बेवारस नव्हे. प्रत्येक तुकड्यासोबत त्याच्या कर्त्याचं एक लायसन असतं. एखादा म्हणतो, काहीही करा, फक्त माझं नाव पुसू नका. दुसरा म्हणतो, मी तुम्हाला जसं मोकळं दिलं तसंच तुम्ही पुढच्याला द्या, मध्ये आपली कुलपं लावू नका. ॲप बाजारात जाण्याआधी मी ही सगळी लायसनं वाचते आणि कुठल्या दोन अटी एकमेकींच्या झिंज्या धरणार आहेत ते कंपनीला सांगते. कंपन्यांना ते आवडत नाही. एका गिऱ्हाइकाने मला विचारलं होतं, "मॅडम, फुकट आहे ना? मग फुकटात अट कसली?" मी म्हटलं, "लग्नाचं जेवणही फुकटच असतं. म्हणून जाताना पातेली नेता का?" त्याने मला पुन्हा काम दिलं नाही. पण त्या ॲपमध्ये त्याने कर्त्यांची नावं घातली, हे मी नंतर बघून आले.

हा स्वभाव मला घरातून मिळाला. बाबा अकोल्यात शाळेत शिक्षक होते, आणि शाळेच्या आधी व नंतर पत्रकवाले. घराच्या पुढच्या खोलीत पायाने चालवायचं एक जुनं छपाईयंत्र होतं. पाणी आलं नाही, काढा पत्रक. बस बंद केली, काढा पत्रक. बालवाडीच्या बाईंना मी जो पहिला शब्द वाचून दाखवला तो 'निषेध' होता. नाव माझं क्रांती. मी कुठेही गेले की बाबांचे मित्र ओरडायचे, "क्रांती आली रे, चहा टाका!" इतक्या वर्षांत या राज्यात क्रांतीच्या नावाने चहाशिवाय काही निघालं नाही, असं बाबा म्हणत.

बाबांच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक बारीक ओळ असायची. "हे पत्रक कोणीही, कितीही छापावे. छापणाऱ्याने ही ओळही छापावी." त्या दुसऱ्या वाक्यात सगळी मेख आहे. छापणारा पत्रक आपलं म्हणून अडवून ठेवू शकत नाही. त्याच्याकडून जो घेईल त्यालाही छापायचा तोच हक्क मिळतो. पुढे इंजिनिअरिंगला असताना मी पहिल्यांदा एक कडक ओपन सोर्स लायसन वाचलं तेव्हा मला हसूच आलं. पानंच्या पानं वकिली इंग्रजीत बाबांची तीच एक ओळ होती.

त्याच काळात आम्ही पाच जणांनी मिळून एक आवाज बनवला. लिहिलेलं मराठी वाचून दाखवणारं, मुळापासून आमच्या हातचं. आवाज कसला, पत्र्याच्या डब्यात बसून माणूस बोलावा तसा. पण मराठी होता. संक्षेप वाचणं माझ्याकडे होतं. 'मु. पो.' दिसलं की त्याने 'मुक्काम पोस्ट' म्हणायचं, 'ता.' दिसलं की 'तालुका'. आकडे अकोटच्या वानखडे सरांनी लिहिले. ते गणिताचे मास्तर, आम्हा पोरांत एकटेच पन्नाशीपुढचे. बाकीची कामं इतर तिघांनी केली. आम्ही त्याला ते कडक लायसन लावलं आणि सगळ्यांसाठी मोकळा ठेवून दिला. नंतर नोकऱ्या लागल्या, पाचही जण पांगलो. वानखडे सर दोन वर्षांपूर्वी गेले.

मागच्या वर्षी कामासाठी मोबाईलची वाचक ॲप चाळत होते. एक उतरवून घेतलं आणि त्याला एक पत्ता वाचायला दिला. डब्यातला माणूस म्हणाला, "मुक्काम पोस्ट." मी खुर्चीतून उठलेच. आपली पोर मेळ्यात दुसऱ्याच्या कडेवर दिसावी तसं झालं. ॲपमध्ये आमची नावं नव्हती, लायसन नव्हतं, मूळ मजकूर, म्हणजे आम्ही लिहिलेला प्रोग्राम, कुठे मिळेल त्याचा पत्ता नव्हता. आणि ते अशा फोनच्या दुकानात होतं, ज्याला एकच दार आहे.

दुकान म्हणजे फोनमधलंच, जिथून ॲप घेतात ते. काही फोनना दुकानाशिवाय आडदारही असतं. ज्याचं ॲप त्याच्याकडून थेट घेऊन लावता येतं. या फोनला मात्र ते एकच दार, आणि दारावर दुकानाचा करार. इथून घेतलेलं तुमच्याच फोनांवर वापरा, दुसऱ्याला काढून देऊ नका, आम्ही सांगू त्या मर्यादेत राहा. आमचं लायसन म्हणतं, पुढे द्या, जास्तीच्या अटी घालू नका. दोन्ही वचनं एकाच वेळी पाळता येत नाहीत. ज्याने आमचा आवाज त्या दारातून विकायला किंवा फुकटही वाटायला ठेवला, त्याने आमचं वचन मोडलं. सरळ हिशेब होता.

मी त्याच दिवशी दुकानाच्या मालक कंपनीला तक्रार लिहिली. काय लिहिली होती! बाबांच्या पत्रकांचं सगळं पाणी त्यात उतरलं होतं. फक्त 'जाहीर निषेध' तेवढं लिहिलं नव्हतं. काही दिवसांत ॲप दुकानातून उतरलं. मी अकोल्याला फोन करून बाबांना सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. बाबा म्हणाले, "ॲप बनवणारा कोण होता?"

"अमरावतीचाच आहे. इमरान म्हणून. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं."

"भेटली का त्याला?"

"त्यात भेटायचं काय, बाबा? नियम स्पष्ट आहे."

"बरं," बाबा म्हणाले आणि पावसापाण्याचं विचारू लागले.

यानंतर दोनेक महिन्यांनी मला एक फोन आला.

"तूच का वं क्रांती?"

"हो. आपण?"

"मी अकोल्याहून बोलतो, मालतीबाई वकील. इमराननं तक्रारीवरचं तुहं नाव सांगतलं, नंबर तुह्या बाबानं देला. तुले एकच इचारतो. माह्या कानातला मानूस तू काहून काढला?"

मालतीबाईंची नजर तिशीत गेली. आता साठीला आल्या आहेत. कोर्टाचे सगळे कागद त्या फोनवर ऐकतात. फोनचा स्वतःचा गोड आवाज त्यांना चालत नाही. "हळू बोलला तवाच तो गोड. जरा पळवला का शब्द गिळते. तुमचा डबड्यातला मानूस कितीबी पळव, एक अक्षर सोडत नाई." ॲप दुकानातून उतरलं तरी त्यांच्या फोनवर ते होतंच, म्हणून आधी काही बिघडलं नाही. मग फोन आपोआप अद्ययावत झाला आणि ॲप उघडेना. दुरुस्ती पाच मिनिटांची होती, पण दुरुस्त केलेलं ॲप वर चढवायला दुकानात जागा कुठे होती? ती मी बंद केली होती. इमरानने अमरावतीहून अकोल्याला येऊन, आपल्या संगणकाला तार जोडून त्यांच्या फोनवर थेट चढवून दिलं. बनवणाऱ्याला आपलं काम तपासायला तेवढी सवलत असते. पण असं चढवलेलं ॲप सात दिवसांनी आपोआप बंद पडतं. ते बंद पडलं कामगार न्यायालयात, उलटतपासणीच्या मधोमध.

"शाळेत खिचडी शिजवनाऱ्या बारा बाया हायेत माह्या," त्या म्हणाल्या. "कामावून काढल्या ठेकेदारानं. म्हनते, ह्या कामावर येतच नव्हत्या. हजेरीचे अकराशे पानं हायेत, त्यातून मी दाखवून राहिली होती का येत होत्या. साक्षीदार समोर, पान कोनतं ते मले आठवे, त्यावरची तारीख कानात येईना. बारा बाया मांगं बसून माह्या पाठीकडे पाहून राहिल्या होत्या, ते बिनडोळ्याचं बी समजते वं. साहेबानं तारीख देली. तीन हप्त्यांनी शेवटचा युक्तिवाद हाये. तवर रोज पानं ऐका लागते, दर सात दिसाले त्या पोराले दुकान बंद करून कितींदा बोलावू?"

आता मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "ताई, तुम्ही आडदारवाला फोन का नाही घेत? त्यावर आमचा आवाज आजही मोकळा मिळतो."

"पोरी, हा फोन माह्या बोटाईले पाठ हाये. दहा वर्सं लागले. तुह्या तत्त्वासाठी म्या तीन हप्त्यात नवे बोटं कुठून आनू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑटो केला. इमरानचं दुकान माझ्या घरापासून दहा मिनिटांवर निघालं. दहा मिनिटांच्या ऑटोवर बसलेल्या माणसाला मी सातासमुद्रापलीकडे तक्रार करून गाठलं होतं.

इमरान पंचविशीतला, भिंग डोळ्याला लावून एका फोनच्या पोटात वाकलेला. मी नाव सांगितलं. त्याने भिंग काढलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"या दीदी. म्हटलं कधी ना कधी तं येसान."

"तुला राग नाही आला?"

"आला न. पन तुमी बराबर होत्या न. म्या लायसन वाचलंच नाई. मोकळं लिहेलं दिसलं, घेतलं. मोठ्या अब्बाचे डोळे गेले, त्याईच्यासाठी बनवलं. मंग त्याईच्या वळखीनं मालतीबाईपाशी गेलं, मंग पार कुठं कुठं गेलं." त्याने भिंग टेबलावर ठेवलं. "तुमी सांगतलं असतं तं नावं टाकून देले असते दीदी. एक फोन करा लागत होता."

त्याच्याकडे माझा नंबर नव्हता. माझ्याकडे मात्र त्याच्या दुकानाच्या पाटीचा इंटरनेटवरून घेतलेला फोटो होता, नंबरसकट. तक्रारीला पुरावा म्हणून जोडला होता.

वाट होती. हे माझंच काम असल्याने मला ती ठाऊक होती. लायसन कर्त्यांनी दिलेलं असतं, त्यामुळे कर्ते त्यावर जास्तीची परवानगीही देऊ शकतात. अमुक दुकानाच्या दारातूनही जाऊ द्या, आमची हरकत नाही, अशी. अट एकच. एकूणएक कर्त्याने ती द्यायला हवी. पाचातल्या चौघांनी दिली आणि एकाने नाही, तर त्या एकाचा भाग काढून नव्याने लिहावा लागतो. मी पाच नावं कागदावर लिहिली आणि अकोल्याची गाडी धरली.

मालतीबाईंच्या घरी पुढच्या खोलीत कागदांनी भरलेली दोन कपाटं होती, कुलूप नसलेली. "कागदाचा चोर आला तं वाचूनच जाईन," त्या म्हणाल्या. त्यांनी मला समोर बसवलं आणि ते इंग्रजी लायसन मोठ्याने वाचायला लावलं. प्रत्येक कलमाला थांबवून उलटतपासणी.

"हे कोनाच्या फायद्यासाठी लिहिलं?"

"वापरणाऱ्याच्या. त्याचा हक्क कोणी काढून घेऊ नये म्हणून."

"मी वापरनारी का नाई?"

"आहात."

"माहा हक्क कोनं काढला?"

"दुकानाने," मी म्हटलं. "त्याच्या अटींनी. ते दार एकच ठेवतात म्हणून ही वेळ आली. हे मी मागे घेणार नाही, ताई."

"नको घेऊ न. दुकान चुकलंच. पन दुकानानं दार लावलं, त्याच्यात माह्या बोटावर पाय कोनं देला?"

मी लायसनची पानं मिटून ठेवली. त्या हसल्या आणि आत वळून ओरडल्या, "साक्षीदार फुटला वं, चहा आना!"

मग त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहून घेतला. घरात वऱ्हाडी बोलणाऱ्या बाई मसुदा सांगताना एकदम पुस्तकासारख्या बोलू लागल्या. "आम्ही खाली सही करणारे या आवाजाचे कर्ते अशी जास्तीची परवानगी देतो की, ज्या दुकानाच्या अटी आमच्या परवान्याशी जुळत नाहीत त्या दुकानातूनही हा आवाज देता येईल, मात्र देणाऱ्याने त्याचा मूळ मजकूर याच परवान्याखाली दुकानाबाहेर सर्वांसाठी मोकळा ठेवावा, आणि कर्त्यांची नावे कायम ठेवावीत." इथे थांबून त्यांनी विचारलं, "तुह्या बाबाच्या पत्रकावर खाली काय राहे? कोर्टात वाटत ते. नजर होती तवा वाचेल हाये म्या." मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "टाक मंग."

आणि मी शेवटी लिहिलं, "देणाऱ्याने ही ओळही द्यावी."

पाचपैकी दोघांनी मेल मिळाल्याच्या दिवशीच होकार कळवला. तिसरा बंगळूरला एका मोठ्या कंपनीत आहे. त्याच्या नोकरीच्या करारात असं कलम निघालं की त्याला एकट्याला सही करता येते की नाही हेच कळेना. त्याच्या कंपनीचं उत्तर येईस्तोवर मालतीबाईंची तारीख होऊन गेली असती. मी त्याचा भाग बाजूला काढला आणि चार दिवस बसून नव्याने लिहिला. त्याचं जुनं लेखन न बघता, नाहीतर ते नवं म्हणवत नाही. यादीतलं त्याचं नाव मात्र राहू दिलं. उरले वानखडे सर.

माणूस गेला तरी त्याने लिहिलेल्यावरचा हक्क जात नाही. तो घरच्यांकडे येतो, घर-वावर येतं तसाच. सरांच्या मागे फक्त काकू. एसटीने अकोटला उतरले. घर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या बाजूला, अंगणात वाऱ्याने आलेला कापूस कुंपणाला अडकलेला. काकूंनी मला कधी पाहिलं नव्हतं, पण नाव सांगताच म्हणाल्या, "त्या कंप्युटरच्या पोराईतली न तू? ये माय."

मी कागद पुढे ठेवला आणि समजावू लागले. सरांनी संगणकाला मराठी आकडे म्हणायला शिकवले होते. एक ते शंभर, मग हजार, लाख. मराठीत शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्र, एकाच्या नियमाने दुसरा येत नाही, म्हणून ते काम किचकट. ते काम आता तुमचं आहे, आणि ते पुढे द्यायला तुमची सही हवी.

"माहं?" काकू म्हणाल्या. "मले तं त्यातलं काई येत नाई."

मी इमरानने दिलेला फोन काढला आणि आकडे लावले. डब्यातला माणूस बोलू लागला. एकोणपन्नास. एकोणसाठ. एकोणसत्तर. काकू हात पुसत पुसत थांबल्या.

"हा अजून असाच बोलते?"

"तुम्ही ऐकलाय?"

त्या आत गेल्या आणि एक शाळेची वही घेऊन आल्या. दोन रकाने. एका रकान्यात सरांच्या अक्षरात आकडा, दुसऱ्यात काकूंच्या अक्षरात आकडा. सर पुढच्या खोलीत संगणकाला बोलायला लावत. काकू सैपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चालू, आणि जो आकडा ऐकू येईल तो ओरडून सांगत, मग फुरसतीने वहीत लिहीत. सर म्हणत, कुकरमध्ये ऐकू आलं तर कुठेही ऐकू येईल. जिथे दोन रकाने जुळत नसत तिथे सर पुन्हा बसत, कुठे एखादा स्वर लांबवत, कुठे अक्षरांत जरा जागा सोडत.

"एकोनसाठ अन् एकोनसत्तरनं लय तरास देला," काकू म्हणाल्या. "तीन दिवस पोळ्या जळल्या त्यापायी."

मला सरांच्या फाईलमधली एक खूण आठवली. प्रत्येक आकड्यापुढे त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'श. ने तपासले.' इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, श. म्हणजे सरांचा कोणी विद्यार्थी असेल. कोणी विचारलं नाही. नाव पुसू नका म्हणून कंपन्यांशी भांडणारी मी, माझ्याच कामात एक नाव न लिहिता बसले होते.

"काकू, तुमचं नाव काय?"

"शकुंतला."

त्यांनी कागदावर सावकाश सही केली. मी त्यांच्यापुढेच संगणक उघडून कर्त्यांच्या यादीत सहावं नाव घातलं आणि डब्यातल्या माणसाकडून वाचून घेतलं. काकूंनी तोंडाला पदर लावला, मग म्हणाल्या, "ते वकीलबाईच्या कोर्टात आकडे बराबर म्हनते का, तेवढं सांगजो मले."

आता एकच सही उरली होती, माझी. कागद घेऊन मी अकोल्याला घरी आले आणि जेवताना तो ताटाशेजारी ठेवला. बाबांनी वाचला. शेवटच्या वाक्याशी त्यांचं बोट थांबलं.

"मग अडलं कुठं?" ते म्हणाले.

"सही केली तर मी त्या दुकानापुढे वाकले असं होईल. पुढच्या माणसाला मी काय तोंडाने सांगू, की अट पाळ?"

"अट पाळच म्हणायचं. तू अट सोडलीच कुठं? मूळ मजकूर बाहेर मोकळाच राहतो." बाबांनी भाताचा घास कालवला. "तुझी चूक वेगळी आहे. माझी ओळ तू पाठ केली. दुसरा नियम नाही केला, कारण तो कधी छापला नव्हता."

"कुठला?"

"कोणाच्या विरुद्ध पत्रक काढायचं असलं, तर आधी त्याच्या दारात जायचं. आपल्यावर पत्रक निघतंय हे त्याला आपल्याच तोंडून कळलं पाहिजे. आधी भेट, मग पत्रक. इतक्या वर्षांत दोनच वेळा भेटून आल्यावर मी जुळवलेले खिळे मोडून पत्रक रद्द केलं. पण ती दोन छापली असती, तर बाकीच्या पत्रकांना कोणी विचारलं नसतं."

लहानपणी बाबा सायकल काढून "जरा जाऊन येतो" म्हणत, ते कुठे जात हे मला त्या जेवणावर कळलं. मी हात धुतले आणि सही केली.

इमरानने ॲप दुरुस्त करून, सहा नावं आणि लायसन घालून वर पाठवलं. मी दुकानाला दुसरं पत्र लिहिलं, तक्रार मागे घेत असल्याचं. त्यातही 'निषेध' नव्हता, पण त्यांच्या अटींबद्दल दोन परिच्छेद होतेच. उत्तर आलं नाही. ॲप मात्र तारखेच्या चार दिवस आधी दुकानात आलं. मालतीबाईंनी ते उतरवलं तेव्हा मी समोर बसले होते. पहिल्यांदा उघडलं की तो आवाज लायसनची माहिती, नावं आणि शेवटची ओळ वाचतो, असं इमरानने केलं होतं. मालतीबाईंच्या वेगाला ते सगळं एका टर्रमध्ये संपलं.

"ताई, एकदा हळू ऐका ना," मी म्हटलं.

"मीच सांगतलेला मसुदा मलेच ऐकवून राहिली का?" त्या म्हणाल्या. पण त्यांनी वेग उतरवला आणि पूर्ण ऐकलं. शकुंतला वानखडे या नावाशी त्यांनी विचारलं, "हे कोन?" मी सांगितलं. "हां," त्या म्हणाल्या, आणि हजेरीचं पहिलं पान लावलं.

युक्तिवादाच्या दिवशी मी, इमरान आणि बाबा मागच्या बाकावर होतो. पुढे बारा बाया, आपापल्या चांगल्या लुगड्यांत. मालतीबाईंनी एका कानात इयरफोनची गुंडी घातली. दुसरा कान न्यायाधीशांसाठी मोकळा. पान क्रमांक, नाव, तारीख. पान क्रमांक, नाव, तारीख. ठेकेदाराचे वकील पानं उलटत मागे पडू लागले, शेवटी नुसते ऐकत राहिले. एकदा न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, पान आठशे एकोणसाठ की एकोणसत्तर?" मालतीबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. "एकोणसाठ, साहेब. एकोणसत्तरवर त्या आजारी होत्या, ते मी लपवणार नाही."

निकाल पुढे लागला. बाया परत शाळेच्या चुलीपुढे गेल्या. ते श्रेय मालतीबाईंचं, त्यात माझा वाटा धरू नये. मी आजही लायसनं वाचते, आजही तक्रारी लिहिते, आणि त्या एका दाराबद्दल माझं मत होतं तेच आहे. फक्त तक्रारीआधी ऑटो करते किंवा तिकीट काढते. निम्म्याहून जास्त तक्रारी चहातच मिटतात.

त्या दिवशी कोर्टाबाहेर येऊन मी सगळ्यात आधी अकोटला फोन लावला.

"काकू, एकही आकडा चुकला नाही."

मागे कुकरची शिट्टी वाजली. ती संपेपर्यंत काकू थांबल्या.

"चुकन कसा?" त्या म्हणाल्या. "म्याच तं ऐकले होते."